सदाशिवभाऊंची खरी वाक्यं

कल्पनाताई पळसोकर मंत्रालयातून अनुभाग अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या त्याला चार महिने झाले होते, आणि तेवढ्यात त्यांचे घरातले सगळे डबे दोनदा घासून झाले होते. सासरे छप्पन साली, राजधानी हलली तेव्हा, नागपूरहून फायलींच्या पेट्यांबरोबर भोपाळला आले, तेव्हापासून घरात कचेरी होती. आता कोलार रोडच्या त्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच सकाळी दहा वाजता दोन माणसं घरी असायची. यजमान नितीनराव बँकेतून तीन वर्षं आधीच सुटले होते, त्यामुळे रिकामं बसणं त्यांना छान जमायचं. कल्पनाताईंना ते जमेना. भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा त्यांना वाटायचं, याचा विषय काय, संदर्भ काय.

अशात एका सकाळी शेजारच्या प्रमिलाचा मंदार आला. वय एकतीस, दाढी, आणि एम. पी. नगरात तिसऱ्या मजल्यावर सात जणांची स्वतःची कंपनी.

"काकू, तुम्हाला वेळ आहे का?"

"तेवढाच आहे," कल्पनाताई म्हणाल्या. "बोल."

मंदारच्या कंपनीनं 'सोबती' नावाचा एक मदतनीस बनवला होता. हा मदतनीस माणूस नव्हे. ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये राहायचं, दिवसाची कामं लावून द्यायची, कुठलं आधी, कुठलं नंतर ते सुचवायचं, आणि मुख्य म्हणजे माणसाचं लक्ष कामावरून उडालं की ते परत आणायचं, हे त्याचं काम.

"कसं आणतो परत?"

"सांगतो ना तो."

"काय सांगतो?"

मंदारनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक पिवळा गोळा हसत हसत वर आला आणि त्याच्याखाली अक्षरं उमटली. 'नमस्कार. आपण गेली सोळा मिनिटे विचलित आहात. चला, पुन्हा लक्ष केंद्रित करू या.'

कल्पनाताईंनी ते दोनदा वाचलं. "मग माणूस काय करतो?"

"बंद करतो," मंदार म्हणाला. "सोबतीला."

त्याला सोबतीची वाक्यं नव्यानं लिहून देणारं कुणीतरी हवं होतं. आईनं सांगितलं होतं म्हणे, की कल्पनाताईंच्या अनुभागात तीस माणसं होती आणि त्या नुसतं "झालं का हो?" म्हणाल्या तरी दुपारपर्यंत टपाल निघायचं. कल्पनाताईंनी नितीनरावांकडे पाहिलं. नितीनराव पेपरात डोकं घालून होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा पसरली ती लपण्यासारखी नव्हती. कल्पनाताई सोमवारपासून जाऊ लागल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी एकही वाक्य लिहिलं नाही. कोपऱ्यातली खुर्ची घेतली, पर्समधून वही काढली आणि संध्याकाळपर्यंत नुसत्या बघत बसल्या. ऑफिसातल्या पोरांना वाटलं, कुणाची तरी आई आली आहे. दोघं तर येऊन पायासुद्धा पडले.

सहाला त्यांनी मंदारला बोलावलं. सोबतीचं सगळं काम जिच्या डोक्यातून निघालं होतं त्या श्रुतीलाही बसवलं आणि वही वाचायला घेतली. "श्रुती. स्वतःहून जागेवरून उठली, दोनदा. मोबाइल पाहिला, पाचदा. दुसऱ्यांनी येऊन हिला उठवलं, एकतीस वेळा. त्यातल्या एकोणीस वेळा मंदार."

"मी?" मंदार म्हणाला.

"एकोणिसाच्या एकोणीस वेळा 'श्रुती, दो मिनट' म्हणून सुरुवात. सगळ्यात छोटं दो मिनट अकरा मिनिटांचं होतं."

"पण काकू, मी तर कामाचंच विचारतो."

"कामाचंच विचारतोस म्हणून तर तिला नाही म्हणता येत नाही."

श्रुतीनं मान खाली घालून उगाच काहीतरी टाइप करायला घेतलं. तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

कल्पनाताईंनी वही मिटली. "बसलेल्या माणसाला कसला उपदेश करता? तो बसलेलाच असतो बिचारा. त्याच्या दारात कुणीतरी उभं राहायला पाहिजे."

हे श्रुतीला पटलं. तिनं आठवड्याभरात सोबतीचा तो पिवळा गोळा काढून टाकला आणि प्रत्येकाच्या टेबलावर मोबाइलएवढी एक पाटी उभी केली. कुणी भेटायला आलं किंवा ऑफिसच्या चॅटवर हाक मारली, की टेबलावरचा माणूस मान वर न करता काम करत राहायचा आणि पाटी उत्तर द्यायची. कुणाच्या कामातलं काय पाटीवर यावं आणि काय येऊ नये, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्यावर श्रुती अडून बसली होती, आणि कल्पनाताईंना ते आवडलं.

मग उत्तरं लिहायची वेळ आली. पहिलं उत्तर मंदारनं सुचवलं: 'श्रुती व्यस्त आहेत.' ते वाचून तो स्वतःच टेबलाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "श्रुती, व्यस्त आहेस का? दो मिनट."

तेव्हा कल्पनाताईंनी लेखणी हातात घेतली, आणि नोकरीच्या छत्तीस वर्षांत जेवढ्या म्हणून सबबी ऐकल्या होत्या तेवढ्या सगळ्या तिच्यातून उतरल्या. 'श्रुती जीएसटीवाल्यांच्या फोनवर आहेत.' 'श्रुतींना आत्ताच घरून वाईट बातमी कळली आहे.' 'श्रुती आपल्याच कामासाठी वरच्या मजल्यावर गेल्या आहेत.' दोन दिवस ऑफिसात अशी शांतता पसरली की खालच्या चहावाल्यानं वर येऊन विचारलं, सगळे सुट्टीवर गेले काय. जीएसटीचं नाव वाचून मंदार तर चवड्यांवर चालत परत जायचा. कल्पनाताई कोपऱ्यात बसून गालातल्या गालात हसायच्या. इतकी मजा त्यांना नोकरीतही कधी आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पाटीवर आलं: 'श्रुती दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या आहेत.' मंदार हळहळत मागे वळला. मागे श्रुती उभी होती. तिच्या हातात कचोरी होती आणि तिचा मोठा तुकडा तोंडात होता.

"दात कसा आहे?" मंदारनं विचारलं.

त्या दिवसापासून पाटीवर काहीही आलं तरी पोरं हसायची. श्रुती खरोखर बँकेच्या फोनवर असताना दोघं जण "झूठ, झूठ" म्हणत तिच्या टेबलाशी येऊन बसले. संध्याकाळी ती कल्पनाताईंच्या खुर्चीशी आली. रागावली होती, पण आवाज चढवला नाही.

"काकू, मशीन एकदा खोटं बोलताना पकडलं गेलं ना, तर नंतर ते खरं बोललं तरी कोई नहीं मानेगा. मी दोन वर्षं याच्यावर मेहनत केली आहे."

ऑटोतून घरी जाताना कल्पनाताईंच्या डोक्यात तेच घोळत होतं. पोरगी म्हणाली त्यात काहीच चूक नव्हतं. पण मग मंत्रालयात जे लोक दारातून परत जायचे, आणि तेही न रागावता, ते कसे जायचे? त्यांच्या डोळ्यांपुढे एक हिरवं स्टूल आलं, आणि त्या स्टुलावर बसलेले सदाशिव बोरकुटे.

सदाशिवभाऊ उपसचिवांच्या खोलीबाहेर बावीस वर्षं शिपाई होते. आतले साहेब सहा वेळा बदलले, बाहेरचे भाऊ तेच राहिले. रोज शंभर माणसं आत जायला यायची. ऐंशी परत जायची, आणि त्यातली निम्मी भाऊंचे आभार मानून जायची. भाऊ खोटं बोलल्याचं कुणी कधी म्हटलं होतं का, हे कल्पनाताईंनी ऑटोत बसून आठवून पाहिलं. एकदाही नाही.

रविवारी त्या मंदार आणि श्रुतीला घेऊन टी. टी. नगरला गेल्या. भाऊंच्या मुलाला तिथे सरकारी क्वार्टर मिळालं होतं. आजूबाजूची जुनी क्वार्टरं पाडून उंच इमारती उठत होत्या, ही एक ओळ तेवढी अजून उभी होती. भाऊ अंगणात खुर्ची टाकून बसले होते. वय बहात्तर, पांढरा सदरा, पाठ ताठ. कल्पनाताईंना पाहून ते उठले.

"पळसोकर बाई, या. चहा नमकीनवाला चालंन का?"

मीठ घातलेला भोपाळी चहा आला. मंदारनं सोबती म्हणजे काय ते समजावायला घेतलं, पण दर दोन वाक्यांनी त्याचा फोन वाजत होता. तो "एक मिनट" म्हणून उठायचा, परत यायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. चौथ्यांदा तो परत आला तेव्हा भाऊ शांतपणे म्हणाले, "ते बाहेरची पांढरी गाडी तुमची का?"

"हो."

"तिच्या मागं टरबूजवाला हातगाडी लावून राहिला. पोरगं नवं आहे, त्याले अजून नीट वळवता नाही येत."

मंदार धावतच गेला. भाऊंनी कप खाली ठेवला. "हं, बाई. आता बोला सुदं, निवांत."

श्रुतीनं फाटकाकडे पाहिलं. टरबुजाची हातगाडी खरोखर गाडीच्या मागे होती. पोरगं खरोखर नवं दिसत होतं. आणि मंदार तिथे उभा राहून त्याला हातानं वाट दाखवत होता, पुढची दहा मिनिटं तरी तो येणार नव्हता.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "आप झूठ नहीं बोले."

"कायले बोलू? खोटं ध्यानात ठेवा लागते. शंभर माणसं, शंभर खोटं, कोण ध्यानात ठेवंन?" भाऊ म्हणाले. "खऱ्याचं तसं नसते. खरं तिथंच पडून असते. फक्त कोणाले कोणतं उचलून द्याचं, ते समजलं पाहिजे."

श्रुतीनं लॅपटॉप उघडला. भाऊ बोलत गेले. एखादा ठेकेदार आला आणि म्हणाला, साहेबांशी दोनच मिनिटांचं काम आहे, तर भाऊ त्याला 'साहेब नाहीत' असं कधी म्हणाले नाहीत. म्हणाले, 'साहेब आहेत. आज जेवले नाहीत. आणि तुमची फाइल समोरच उघडी आहे.' ठेकेदार म्हणायचा, उद्या येतो. कुणी नुसता गप्पा मारायला आला, तर सांगायचे, 'साहेब एकटेच आहेत, जा. बरं झालं आले, ते कालपासून तुमच्या अहवालाचं विचारून राहिले.' अहवाल लिहून झालेला नसायचाच.

"माणसाले परत नाही पाठवाचं," भाऊ म्हणाले. "त्यालेच परत जावंसं वाटलं पाहिजे."

कल्पनाताई ऐकता ऐकता थांबल्या. त्यांना काहीतरी आठवलं होतं. "भाऊ, मलाही तुम्ही परत पाठवलं असेल."

"तीनदा," भाऊ लगेच म्हणाले.

"तीनदाच?"

"हो. तीनही वेळा तुमचे डोळे लाल होते. बदलीच्या वेळी तर राजीनाम्याचा कागद हातात होता. मी म्हटलं, साहेबांजवळ दुसऱ्या अनुभागातले तिवारीजी बसून आहेत. बसूनच होते ते. तुमाले त्यायच्यापुढं नसतं रडाचं, हे मले ठाऊक होतं."

कल्पनाताई त्या दिवशी घरी गेल्या होत्या, रात्री झोपल्या होत्या, आणि सकाळी तो कागद त्यांनी फाडला होता. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की तो शहाणपणा त्यांचा स्वतःचा. त्यांनी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता, तरी ओठाला लावला.

पुढचा महिना श्रुती आणि कल्पनाताई एका टेबलावर बसल्या. सोबती आता एकही शब्द मनाचा बोलत नव्हता. माणूस काय करतो आहे, कुठवर आला आहे, येणाऱ्याचं त्याच्याकडे काय अडकलं आहे, एवढं तो पाहायचा, आणि त्यातलं एक खरं निवडून दारात ठेवायचा. निवडायचं कसं, हे त्याला शिकवायला कल्पनाताईंनी साडेचारशे प्रसंग लिहून काढले. लिहिताना कधी अडलं की त्या भाऊंना फोन करायच्या.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं मिसरोदला. हेमंत पागनीस शाळांसाठी गणिताच्या सरावपुस्तिका छापायचे. मूळ इंदूरचे, तिथे काही वर्षं गणित शिकवलेले, वय पंचावन्न, आवाज खणखणीत, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या पाठीवर हात. त्यांच्या गेल्या वर्षीच्या पाचवीच्या पुस्तिकेत त्रिकोणाला चार कोन छापून गेले होते आणि चाळीस शाळांनी पत्रं पाठवली होती. "माझी पोरं हुशार आहेत," हेमंतराव म्हणाले, "पण त्यांचं लक्षच नाही लागत. का, कोण जाणे."

का, ते कल्पनाताईंना तासाभरात कळलं. हेमंतराव दर वीस मिनिटांनी केबिनमधून निघायचे आणि टेबलाटेबलावर थांबत अख्खी फेरी मारायचे. त्रिकोणाचा चौथा कोन अशाच एका फेरीत आला असणार. पण हे त्या बोलल्या नाहीत. त्यांनी पाट्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी हेमंतराव अनिकेतच्या टेबलाशी आले. अनिकेत पुस्तिकेची उत्तरं तपासायचा. पाटीवर आलं: 'अनिकेत सहावीच्या अपूर्णांकांची उत्तरं तपासत आहेत. बावीसपैकी नऊ झाली. काल याच ठिकाणी थांबले होते, तेव्हा पुढची दोन चुकली. आत्ता बोलायचं की साडेबाराला?'

हेमंतरावांनी पाठीवर ठेवायला उचललेला हात स्वतःच्या केसांतून फिरवला. "साडेबाराला, साडेबाराला," ते पाटीलाच म्हणाले, आणि रसिकाकडे वळले. रसिका मुखपृष्ठं करायची. तिची पाटी म्हणाली: 'रसिका मोकळ्या आहेत. तीन मुखपृष्ठांपैकी कुठलं ठेवायचं, हे तुम्ही सांगण्याची त्या सोमवारपासून वाट पाहत आहेत.'

हेमंतरावांना एकदम दुसरंच काहीतरी काम आठवलं आणि ते केबिनमध्ये गेले.

पंधरा दिवसांत सहावीची पुस्तिका पूर्ण झाली. तपासणाऱ्या बाहेरच्या बाईंना तिच्यात एकच चूक सापडली, आणि तीही स्वल्पविरामाची. मंदारनं पेढे वाटले. कल्पनाताईंनी भाऊंना फोन करून सगळं सांगितलं, आणि भाऊ नुसते "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये काहीतरी कमी होतं, पण त्या दिवशी कल्पनाताईंनी ते मनावर घेतलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात अनिकेतचा फोन आला. "मॅडम, तुम्ही एकदा या. सर बिघडले आहेत."

त्या गेल्या. ऑफिसात सगळ्यांच्या गळ्यात नवी निळी ओळखपत्रं होती, बारा माणसांच्या ऑफिसात. भिंतीवर 'वेळ' या विषयावर चार सुविचार लागले होते. सकाळी साडेनऊला सगळ्यांनी गच्चीवर प्राणायाम करायचा, असा आदेश निघाला होता, आणि सातवीच्या अर्ध्या जुळवून झालेल्या पुस्तिकेची अक्षरं बदलून गोल करायची, असंही ठरलं होतं. रसिकानं नुसता कपाळाला हात लावला.

हेमंतराव केबिनमध्ये एकटे बसले होते. टेबलावर चहाचे पाच रिकामे कप होते आणि ते सहाव्याची वाट पाहत होते.

"या, मॅडम. तुमचं यंत्र उत्तम चाललंय. एक नंबर." त्यांनी कप सरकवले. "बंद करा ते."

"का हो?"

"काम होतं, चुका होत नाहीत, सगळं खरं. पण माझ्याकडे कुणी येतच नाही." आवाजातला खणखणीतपणा गेला होता. "इंदूरला दोन खोल्यांत सुरू केलं होतं हे. पाच जण एका सतरंजीवर बसायचो. मी गणितं काढायचो, ओरडून सांगायचो, कुणी तरी म्हणायचं, सर, हे जड होतंय. तीस वर्षं मी माणसांत बसलोय. आता माझा पूर्ण दिवस मोकळा असतो. मी काय करू त्याचं?"

कल्पनाताईंना आपल्या घरचे घासलेले डबे दिसले. त्या म्हणाल्या, "मला चार दिवस द्या."

बाहेर येऊन, जिन्यातच उभं राहून त्यांनी भाऊंना फोन लावला.

"मले वाटलंच होतं," भाऊ म्हणाले. "बाई, तुम्ही अर्धंच शिकून गेल्या."

"उरलेलं अर्धं काय?"

"साहेबाले एकटं नाही ठेवाचं. तासभर आत कोणी गेलं नाही ना, तर साहेब घंटी वाजवते. घंटी वाजली की काहीतरी नवं काढते, आणि मंग अख्ख्या हापिसाचं काम बसते. मी ऐंशी माणसं परत पाठवत होतो, हे सगळ्यायनं पाहिलं. वीस माणसं आत पाठवत होतो, ते कोणी नाही पाहिलं. कोणते वीस, कोणत्या वेळी, त्यातच सारं होतं."

श्रुतीला हे सांगितल्यावर तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "काकू, पण मग सोबती सरांना खेळवतोय, असं नाही का होणार?"

"नाही होणार. कारण आपण सरांना आधी सांगायचं."

त्यांनी खरंच सांगितलं. हेमंतरावांना वाटलं होतं, मॅडम पाट्या काढायला आल्या. कल्पनाताईंनी त्यांच्याच टेबलावर एक पाटी ठेवली आणि सांगितलं, की आता सोबती तुमच्याकडेही लक्ष ठेवील. ज्याचं काम पुरं झालेलं आहे, ज्याचं डोकं शिणलेलं आहे आणि ज्याला तुमच्याकडून काही मिळण्यासारखं आहे, त्याला तो तुमच्याकडे धाडील. तुम्हाला नको असेल तेव्हा नको म्हणा.

"म्हणजे मला माणसं पुरवणार?" हेमंतरावांनी विचारलं. त्यांना राग आला असावा, असं क्षणभर वाटलं.

"हो."

"रोज?"

"रोज."

हेमंतरावांनी पाटी उचलली, उलटीसुलटी पाहिली आणि पुसून जागेवर ठेवली.

त्याच दुपारी पावणेचारला अनिकेतच्या पाटीवर आलं: 'भागाकाराचं प्रकरण संपलं. तुम्ही सत्तर मिनिटं मान वर केलेली नाही. अकरावं उदाहरण मुलांना जड जाईल, अशी खूण तुम्हीच केली आहे. सर मोकळे आहेत आणि इंदूरला त्यांनी हेच प्रकरण सहा वर्षं शिकवलं होतं.'

अनिकेत कागद घेऊन केबिनमध्ये गेला. दहा मिनिटांत बाहेर येईल, असं सगळ्यांना वाटलं. सव्वाचारला आतून हसण्याचा आवाज आला. साडेचारला हेमंतराव पांढऱ्या फळ्यावर जिलेब्या काढत होते, कारण अकराव्या उदाहरणात त्यांनी डझनाच्या जागी जिलेब्यांचं ताट आणलं होतं, आणि उरलेल्या जिलेब्या कुणी खायच्या हा प्रश्न म्हणजेच बाकी, हे अनिकेतला पटलं होतं. दुसऱ्या दिवशी रसिका मुखपृष्ठं घेऊन गेली आणि पहिल्यांदाच निर्णय घेऊन बाहेर आली. गच्चीवरचा प्राणायाम कधी बंद झाला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. ओळखपत्रं मात्र राहिली. हेमंतरावांना त्यातला स्वतःचा फोटो आवडला होता.

सातवीची पुस्तिका जूनमध्ये शाळांत गेली. जिलेबीचं गणित एका शाळेत इतकं गाजलं, की तिथल्या मुलांनी बाईंकडे प्रात्यक्षिक मागितलं. पागनीसांनी मंदारला आणखी दोन ओळखीचे कारखानदार जोडून दिले. त्यातल्या एकानं पहिल्याच भेटीत विचारलं, की कोण किती वेळ रिकामा बसतो, त्याची गुप्त यादी हा सोबती मालकाला देईल का. मंदार उत्तर जुळवत होता. कल्पनाताई म्हणाल्या, "देईल. पण तो खरंच सांगतो, त्यामुळे यादीत पहिलं नाव कुणाचं येईल ते सांगता येत नाही." त्या कारखानदारानं तो विषय तिथेच सोडला आणि पाट्यांचा रंग विचारला.

ऑगस्टपासून सदाशिवभाऊ दर बुधवारी एम. पी. नगरच्या ऑफिसात येऊ लागले. मंदारनं त्यांच्यासाठी 'सल्लागार' असं छापलेलं कार्ड केलं, ते त्यांनी सुनेला दिलं आणि तिनं ते देवघरात ठेवलं. त्यांना लिफ्ट आवडायची नाही, जिन्यानं तीन मजले चढून यायचे. श्रुतीशी त्यांचं शब्दाशब्दावरून भांडण व्हायचं. तिचं म्हणणं, वाक्य छोटं हवं. त्यांचं म्हणणं, छोट्या वाक्यात माणसाचा अपमान होतो, थोडं लांबवलं की त्याला मागं वळायला जागा मिळते. दोघं कधी कधी एका वाक्यावर तास घालवायचे, आणि मंदार दारातून डोकावून कल्पनाताईंच्या चेहऱ्याकडे पाहून परत जायचा.

एका बुधवारी नवं काम आलं होतं, पाच वकिलांच्या ऑफिसचं. मंदारनं फळ्यावर नकाशा काढला. कोण कुठे बसतं, कुणाचे किती खटले, पक्षकार किती वाजता येतात, फोन कोण घेतं, सगळे बाण काढून झाले. तो वीस मिनिटं बोलला. श्रुतीनं टिपून घेतलं. कल्पनाताईंनी दोन शंका विचारल्या.

भाऊ इतका वेळ फळ्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत लावला.

"हे सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "पण तिथं चहा कोण आणते? न विचारता सगळ्यायच्या खोलीत जाते तो तोच एक."

मंदारला माहीत नव्हतं. तो फोन लावायला बाहेर गेला.